पंप झाकू नका

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर भाकऱ्या बांधल्या. चुलीवरच्या तांदळाच्या भाकऱ्या. पनवेलच्या एका खानावळीला रोज जायच्या. हौसा त्या फडक्यात रचायची आणि गाठ मी मारायचो, कारण तिच्या बोटांत गाठ आवळायचा जोर उरला नव्हता. त्या दिवशी तिच्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत पंप, आणि पंपाची नळी पदरावरून गळ्यापाशी टाचलेली. पंप आपला घुं घुं करत होता. ती म्हणाली, "आवळा जरा. वाटेत सुटली तं धुरला बसंल." मी म्हटलं, "तुला धुरळ्याची लई काळजी." ती हसली, हसता हसता खोकली, आणि खोकला थांबेपर्यंत मी गाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

एवढंच. रोजचंच होतं.

दिवाळी अंकवाले म्हणाले, काका, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघावं, बाकी मजकुराला हात लावू नये. माझा जन्म वजनकाट्यावर गेला. न्हावा शेव्याच्या रस्त्याला ट्रक तोलायचा काटा होता, तिथं. त्याचं सांगत नाही, तिथल्या शिव्या छापता येणार नाहीत. म्हातारपणी जे काम केलं त्याचं सांगतो. ते चालू असतानाच माझी बायको गेली.

काम असं होतं. मुंबईच्या एका संस्थेला बघायचं होतं की आमच्या बाजूच्या गावांत आणि वाड्यांत बायकांना जो दम लागतो तो कशाने. चुलीच्या धुराने, कंटेनरच्या धुरळ्याने, वीटभट्टीने, की नुसत्या वयाने. बघायचं कसं? तर धूर मोजायचा आणि फुंक मोजायची. जिच्या नाकात धूर जास्त तिची फुंक कमी, असं बऱ्याच बायकांत दिसलं तर काही बोलता येतं. एकीवरून काही कळत नाही.

फुंक मोजायला प्लास्टिकची नळी असते. छाती भरून घ्यायची आणि एका दमात फुंकायचं, वरची खूण सरकते. हौसा पहिल्यांदा फुंकली तेव्हा म्हणाली, "जलमभर फुकनीच फुकली, आता परीक्षा पन फुकायचीच!" खूण थोडीशी सरकून थांबली.

धूर मोजायला पंप. बाई जी हवा घेते तीच हवा पंपाने घ्यायची, म्हणून नळीचं तोंड नाकाजवळ टाचायचं. टोकाला डबी, डबीत गोल पांढरा फिल्टर, कागदासारखा. धूर त्यावर बसतो. फिल्टर आधी तोलायचा, नंतर तोलायचा, फरक म्हणजे धूर. भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करायची, तसंच. फक्त हा काटा इतका नाजूक की जवळ कोणी श्वास सोडला तरी हलतो. मी कंटेनर तोललेला माणूस, मला हसूच आलं.

आणखी एक कोरा फिल्टर माझ्याबरोबर सगळीकडे फिरायचा. त्यातून हवा ओढायची नाही, नुसता न्यायचा आणि आणायचा. त्याचं वजन वाढलं तर समजायचं की नेण्याआणण्यात घाण लागली. तो कोरा फिल्टर म्हणजे माझ्यावर ठेवलेला पहारेकरी.

मी सकाळी पंप देऊन यायचो, दुसऱ्या सकाळी काढून आणायचो. हौसा बरोबर यायची. परक्या पुरुषाने बाईच्या पदराला नळी कशी टाचायची? ते ती करायची. तिला संस्थेने नेमली नव्हती, ती आपली आपण नेमली गेली होती.

नियम दोन. रोज जे करता तेच करा, पंप आला म्हणून वेगळं वागू नका. आणि पंप अंगावरून काढू नका. आंघोळीला, झोपायला काढला तर हाताशी ठेवा. लांब राहिला तर सांगा, ते घर गाळायचं.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. एक म्हातारी पंपाकडे बघून कुजबुजली, "ह्याच्यात आवाज भरतो काय?"

हौसा म्हणाली, "नाय गो, धूर भरतो."

"मंग माज्या सुनंला लावा. ती नुसती आग ओकते."

एका घरचा नवरा बायकोचा पंप स्वतःच्या गळ्यात अडकवून नाक्यावर चहाला गेला. चार लोकांनी विचारावं, एवढीच हौस. एक बाई पंप खुंटीला टांगून भाचीच्या हळदीला गेली आणि सकाळी स्वतःच तसं बोलली. मी ते घर गाळलं.  वाटेत हौसा म्हणाली, "बिचारी खरं बोलली म्हनून गाललाव तिला."

मी म्हटलं, "खरं बोलली म्हणून गाळता आलं."

"लई कडक तुमी," ती म्हणाली.

आणि आमच्या शेजारची चंद्रीवहिनी. तिने पंप परत दिला तेव्हा पिशवीत मूठभर सुके बोंबील. फिल्टरला वास लागेल म्हणून मी ओरडलो. ती म्हणाली, "रिकामी पिशवी कशी देऊ भावोजी?" आमच्याकडे तसंच आहे. शेजारणीचं भांडं आणलं तर घासून लख्ख करून द्यायचं आणि रिकामं द्यायचं नाही. चिमूटभर साखर, दोन मिरच्या, काहीतरी घालायचंच. मी बोंबील घरी नेले, हौसाने भाजले, आम्ही भाकरीबरोबर खाल्ले. त्यातलं दुसरं अर्धं, ते घासून लख्ख करण्याचं, माझ्या डोक्यात आलंच नाही.

मग एक दिवस वृंदा मॅडमने पनवेलच्या ऑफिसात बोलावलं. आकड्यांचा हिशेब त्या बघायच्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोलायला सरळ. "काका, बसा," म्हणाल्या. त्या मला कधी बसा म्हणत नसत, कारण मी कधी बसत नसे. तेव्हाच कळलं, काहीतरी बिघडलंय.

त्यांनी कॉम्प्युटरवर ठिपके दाखवले. एक ठिपका म्हणजे एक बाई. "चुलीवाल्या घरांचे फिल्टर गॅसवाल्यांपेक्षा स्वच्छ आलेत. आणि जिला दम जास्त, तिचा फिल्टर जास्त पांढरा. या आकड्यांचं ऐकलं तर धुराने छाती सुधारते."

"मग छापा तसं. गावात चुली वाटा."

"मस्करी नको. डब्या अदलाबदल झाल्या का?"

मी उठलोच. "मॅडम, माझं सगळं आयुष्य काट्यावर गेलं. हा प्रश्न मला कोणी विचारला नाही."

"मी विचारते. विचारणं माझं काम आहे. बसा."

बसलो. काय करणार? त्यांनी डब्यांवरचे नंबर ताडून बघितले होते, ते जुळत होते. कोरे फिल्टर तोलले होते, ते कोरेच होते. "म्हणजे चूक तुमच्या हातात नाही आणि माझ्या काट्यातही नाही," त्या म्हणाल्या. "चूक घरांत होते आहे. कुठे, ते मला कळत नाही. मुंबईची माणसं थांबायला तयार नाहीत. धुराचा आणि दम्याचा संबंध आढळला नाही असं लिहून प्रकरण मिटवतील. एकदा तसं लिहिलं गेलं की या गावांत पुन्हा कोणी पंप घेऊन येणार नाही."

घरी आलो तर हौसा चुलीपुढे बसलेली. आमच्याकडे गॅस होता, पण भाकरी चुलीवरचीच, खानावळीला तीच पाहिजे असायची. तिला डॉक्टर एकच गोष्ट सांगत आला होता, आजी, वय झालं. ती त्याला म्हणाली होती, "वय तं तुमचं पन होईल." पण घरी आल्यावर मला म्हणायची, "अवो, माजी आय माज्यापरीस म्हातारी होऊन मेली. तिला दम नवता. माह्येरी, ओव्याला, घर उघडं होतं आमचं, चूल अंगनात. हा दम वयाचा नाय, धुराचा हाय. मना त्या मॅडमच्या कागदात धरा." तिला तेवढंच पाहिजे होतं. बरं होईल अशी आशा तिने ठेवली नव्हती.

मी सांगितलं, फिल्टर पांढरे निघतायत.

"मंग चांगलं ना? जपून वापरला बायकांनी."

"जपून म्हणजे?"

"झाकतात ना. धूर झाला का वरून फडका. चंद्री तं सगला गुंडालून ठेवते. सकाली तुमी यायच्या आदी सोडतात, पुसतात, लख्ख करतात."

"नळीचं तोंडही?"

"तोंडच आदी! काजली तितंच बसते."

मी डोक्याला हात लावला. "तुला माहीत होतं?"

"मीच सांगितलं, जपा म्हनून. दुसऱ्याची वस्तू हाय. काली करून परत द्यायची? लाज नाय वाटनार?" मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "का वो? चुकलं काय?"

मॅडमला सांगितलं तेव्हा त्यांनी पहिलं हेच विचारलं, "झाकतं कोण जास्त?"

"जिथं धूर जास्त, तिथं झाकणं जास्त. गॅसवाली कशाला झाकेल?"

त्यांनी ठिपके परत उघडले.

ही गोष्ट मला त्यांनी समजावली ती माझ्या भाषेत सांगतो. चुकीच्या दोन जाती. पहिली जात, कधी इकडे कधी तिकडे. पंप कधी जास्त ओढतो, कधी कमी. काट्यावर ट्रकच्या चाकाला कधी चिखल असतो, कधी नसतो. मला वाटायचं, पुष्कळ वेळा मोजलं की ही चूक आपोआप जिरते. सरासरी काढायची असेल तर जिरते. पण इथं एकाचं दुसऱ्याशी नातं बघायचं होतं. धूरवाली बाई चुकून बिनधुराच्या रांगेत जाते, बिनधुराची धूरवालीच्या रांगेत येते. मग दोन्ही रांगांची फुंक सारखीच दिसायला लागते. धूर छाती खातच असतो, कागदावर मात्र फिका दिसतो. आणखी हजार बायका मोजल्या तरी तो फिकेपणा जात नाही.

दुसरी जात एका बाजूला झुकलेली. आणि आमची चूक तर त्याहून वाईट, जितका धूर जास्त तितकी ती मोठी. तिने नातं फिकं केलं नाही, पार उलटं केलं.

मी म्हटलं, "मग चुलीवाल्यांच्या आकड्यात थोडं थोडं वाढवून टाका."

"किती वाढवू? कोणी किती झाकलं, किती वेळ झाकलं, सांगता तुम्ही?"

 

त्यांनी मुंबईशी भांडून थोडी सवलत मिळवली. सगळी घरं परत करायला वेळ नव्हता, पंप दुसरीकडे जायचे होते. म्हणून चिठ्ठ्या टाकून काही घरं काढायची आणि तिथं पंप उघडा ठेवून पुन्हा मोजायचं. झाकलेला आकडा आणि उघडा आकडा शेजारी ठेवले की चूक किती ते कळतं, आणि त्यावरून बाकीच्या घरांचं खरं काय असेल त्याचा अंदाज बांधता येतो. पण यावेळी कोणी झाकला तर संपलं. तिसरी खेप मिळणार नव्हती.

हौसा दारोदार फिरली. आधी ती माझ्या पुढे चालायची, आता दर दोन-तीन घरांनी कोणाच्या तरी पायरीवर बसायची. मी म्हटलं, मी सांगतो. ती म्हणाली, "तुमी सांगाल आन् बाया हो म्हनतील, आन् तुमची पाठ फिरली का झाकतील. मना ठावं हाय."

चंद्रीवहिनी ऐकेना. "काला पंप देऊ? ती शिकलेली बाई काय म्हनंल, चंद्रीचं घर हाय का उकिरडा?"

"म्हनू दे. लाज माज्या नावावर घाल."

"तुजा काय गो एवढा जीव अडकलाय त्याच्यात?"

हौसा श्वास घेऊन म्हणाली, "तू झाकलास तं माजा दम खोटा पडंल, चंद्रे."

चंद्रीवहिनीने पदराला नळी टाचून घेतली. दुसऱ्या दिवशी तिने पंप परत दिला तो काजळी धरलेला, तोंड फिरवून, मासळी बाजारात नासका मासा द्यावा तसा. पिशवीत बोंबील मात्र होतेच.

फिल्टर काळे येऊ लागले. पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकतो. ठिपके सरळ झाले. जिथं धूर जास्त तिथं फुंक कमी, असं संस्थेने लिहिलं, आणि चूक कशी धरली तेही लिहिलं. ते इंग्रजीत, मला वाचता येत नाही, मॅडमने वाचून दाखवलं. पण ही नंतरची गोष्ट.

शेवटच्या चिठ्ठ्यांत आमचं घर निघालं. मॅडम स्वतः आल्या. माझ्या घरचा पंप मी लावायचा नाही, त्या लावणार आणि त्याच काढणार असं ठरलं. हौसाची तब्येत बघून त्या म्हणाल्या, "काकू, तुमचं घर सोडून देऊ. दुसरी चिठ्ठी काढते."

"का म्हनून? मी काय मेलेय?"

मी म्हटलं, "मग आज चूल नको. गॅसवर कर काय करायचं ते. नाहीतर भाकऱ्याच नको."

"मॅडम, नियम काय हाय तुमचा?"

मॅडमने माझ्याकडे बघितलं. "रोज करता तेच. पण काकू, नियमासाठी तब्येत बिघडवायची नाही. आज स्वयंपाक नाही केला तरी चालेल. तसं लिहीन मी."

"मंग ते माजं नसंल. चूल मी रोज पेटवते. काल पेटवली, उद्या पन पेटवनार."

आमचं वाजलं त्यावरून. मी लाकडं उचलून पडवीत फेकली. तिने एकेक उचलून परत आणली, वाटेत दोनदा बसली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा उरलेली मीच आणून दिली. ते बरोबर केलं की चूक, याचा हिशेब कोणत्या काट्यावर होतो मला ठाऊक नाही. चूल तिनेच पेटवली. भाकऱ्या झाल्या. आम्ही त्या बांधल्या. ते वर सांगितलं.

भाकऱ्या नेणारा टेम्पो गेला आणि ती भिंतीला टेकून बसली ती उठेना. ओठांचा रंग बदलला. मी चंद्रीवहिनीला हाक मारली, तिचा मुलगा रिक्षा घेऊन आला. आम्ही दोघं तिला उचलायला गेलो तर तिने हाताने थांबवलं. खांद्यावरची पिशवी काढली, नळी पदरातून सोडवली आणि चुलीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "इतं ठेवा. हास्पिटलात हरवंल. दुसऱ्याची वस्तू." मी टांगली. खाली चूल अजून धुमसत होती. दारातून बाहेर पडताना ती मागे बघून म्हणाली, "झाकू नका."

रस्त्याला कंटेनरची रांग लागलेली. रिक्षावाला हॉर्न मारतोय, मी उतरून ट्रकवाल्यांना शिव्या देतोय, जसा काट्यावर देत होतो तशा. एक गाडी हलली, दुसरी हलली नाही. हौसा चंद्रीवहिनीच्या मांडीवर. मी परत येऊन बसलो तेव्हा तिने माझ्या शर्टाची बाही धरली होती. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आला तेव्हा ती बाही मला सोडवून घ्यावी लागली. दिवस मावळायच्या आत तिला जाळून आलो.

घर उघडलं. माणसं होती. आत घुं घुं चालू होतं. चूल विझलेली, तिच्यावर खिळ्याला पंप, नळीचं तोंड खाली चुलीकडे. चंद्रीवहिनी म्हणाली, "बंद करा ना ते." मी म्हटलं, त्याला माझा हात लावायचा नाही. मॅडमला फोन लावून दिला कोणीतरी. त्या रडत होत्या. म्हणाल्या, "काका, पंपाचं राहू द्या. मी नंतर बघते."

सकाळपर्यंत तो आपोआप थांबला होता, त्याची बॅटरी तेवढीच असते.

मी तोंड धुतलं आणि पंप खाली घेतला. हात न लावायचा नियम आता उरला नव्हता. चंद्रीवहिनी दारात उभी. "सुतकात कुटं चाललाव भावोजी?"

"वस्तू परत द्यायचीय."

पंप काजळीने काळा झाला होता. मी पुसला नाही. पिशवीत काही घातलंही नाही, सुतकाच्या घरचं कोणी घेत नाही. काळी वस्तू आणि रिकामी पिशवी. हौसाने पाहिलं असतं तर मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

मॅडम ऑफिसात आधीच आल्या होत्या. उभ्या राहिल्या.  त्यांनी डबी उघडली. इतका काळा फिल्टर मी त्या कामात बघितला नव्हता. त्यांनी तो माझ्यासमोर धरला, मग हळूच डबीत ठेवला. डबीवर हौसाचा नंबर होता.

त्यांनी पेन घेतलं. खाली बघूनच विचारलं, "काका, विचारावं लागतं. काकू होत्या तोवर पूर्ण वेळ अंगावर होता ना?"

पंप घरीच राहिला होता हे त्यांना माहीत नव्हतं. हॉस्पिटलात कोणी पंप बघितला नव्हता, घरातलं कोणी ऑफिसात येणार नव्हतं. मी नुसती मान हलवली असती तर हौसा त्या कागदात बसली असती, सगळ्यांत काळा ठिपका होऊन. मना धरा म्हणाली होती.

मी म्हणालो, "नाही. तिने काढून खिळ्याला टांगायला लावला. त्यानंतरची हवा पंपाने घेतली, तिने नाही. गाळा."